दापोडीचा बंगला आणि बिननावाचा चित्रकार

बडनेऱ्याहून आम्ही बोलतो आहोत.

मागच्या भाषणात गटाच्या वह्या आणि पासबुक हा विषय होता. आज इतिहास घेतला आहे. हे ऐकल्याबरोबर आमच्याच गटातल्या एक वहिनी म्हणाल्या, "इतिहासानं काय हप्ता भरला जाते काय वं?" नाही भरला जात. पण हा इतिहास एका घराचा आहे. कुणी बांधलं, कुणी विकलं, कागदावर कुणाचं नाव लागलं, या गोष्टी आपल्याला कळतात. म्हणून थोडं ऐकून घ्या.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गटाच्या सहा जणी पुण्याला प्रदर्शनात माल घेऊन गेलो होतो. मुगवड्या, कुरड्या, पापड, हळद. एकीची बहीण पिंपरीला राहते, तिच्याकडे उतरलो. सकाळी पिंपरीहून लोकल धरायची, शिवाजीनगरला उतरायचं, संध्याकाळी तसंच परत. कासारवाडी, दापोडी, खडकी ही स्टेशनं तीन-चार दिवसांत पाठ झाली. दापोडी गेलं की गाडी नदीच्या पुलावरून जाते. ती मुळा नदी. पवना तिला तिथंच जवळ येऊन मिळते.

दापोडी म्हटलं की आज लोकांना एसटीचं वर्कशॉप आठवतं. आपल्या भागाला जसं नागपूरजवळचं हिंगणा, तसं त्यांना दापोडी. पण बी.ए.ला इतिहास घेतला होता, त्यात हे नाव वेगळ्याच कारणानं भेटलं होतं. म्हणून गाडीत सहज सांगितलं, की इथं एके काळी मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरचा बंगला होता, मोठी बाग होती, देशोदेशीची झाडं होती.

आमच्यासोबत एक आजी होत्या. सत्तरीच्या पुढच्या. खिडकीजवळ बसल्या होत्या. त्यांनी पुलाकडे पाहिलं आणि विचारलं, "अन् त्या बागीले पानी कोन घाले?"

सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. पण पुस्तक वाचताना हा प्रश्न आम्हाला सुचला नव्हता, हे खरं.

आजींना तो का सुचला, ते सांगतो. बडनेरा हे रेल्वेचं गाव. आजींनी तरुणपणी एका साहेबाच्या बंगल्यात तीस वर्षं काम केलं. माळी म्हणून नाव त्यांच्या माणसाचं होतं. हजेरी त्याची, पगार त्याच्या हातात. निंदण, झाडलोट आणि पाणी मात्र आजींचं. "रबराचा पाइप मंग आला. पयले तं बादलीनंच. झाडाइले पानी घालू घालू खांदा गेला माहा." तो बंगला आता नाही. झाडंही गेली. राहिला तो आजींचा खांदा.

परत आल्यावर आम्ही दापोडीचं सगळं पुन्हा वाचून काढलं. तेच आज सांगतो.

आधी इंग्लंडचं थोडं. तिकडच्या बड्या लोकांची दोन घरं असायची. एक लंडन शहरात आणि एक आपल्या जमिनीच्या गावी. गावाकडचं घर म्हणजे खेड्यातलं साधं घर नव्हे. शेकडो एकर शेती, कुळं, तलाव, बागा आणि मधोमध राजवाड्यासारखी इमारत. आपल्याकडे जहागीरदाराचा वाडा असे तसंच, पण आकारानं कितीतरी मोठं. इंग्रज हिंदुस्थानात आला तेव्हा ही हौस सोबत घेऊनच आला. गावापासून दूर, नदीकाठी, भोवती झाडी आणि मध्ये आपला बंगला, असं घर त्याला इथंही पाहिजे होतं. दापोडीचा बंगला हा तसाच एक.

तो बांधला कॅप्टन फोर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं. आता गंमत पाहा. हा फोर्ड नोकरीला होता पेशव्यांच्या. दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजी पद्धतीची कवायती पलटण उभी केली होती, तिचे अधिकारी इंग्रज होते आणि तिची छावणी दापोडीला होती. पगार पेशव्यांचा, म्हणजे शेवटी रयतेच्या साऱ्याचा. निष्ठा मात्र कंपनी सरकारशी.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. फोर्ड आपली पलटण घेऊन दापोडीहून निघाला आणि थेट इंग्रजांच्या फौजेला जाऊन मिळाला. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावरच तोफा लावल्या. या लढाईतली एक गोष्ट आम्हाला फार लागली. पेशव्यांचे एक कारभारी होते मोरो दीक्षित. त्यांची आणि फोर्डची चांगली दोस्ती होती. लढाई अटळ दिसू लागली तेव्हा दोघांनी एकमेकांना शब्द दिला असं इतिहासकार सांगतात. आपल्यापैकी जो वाचेल, त्यानं दुसऱ्याच्या बायकापोरांना सांभाळायचं. लढाईत मोरो दीक्षित पुढे होते. ते तोफेच्या माऱ्यात पडले आणि तो मारा फोर्डच्या पलटणीच्या तोफांचा होता.

मित्राच्याच तोफेनं मित्र गेला. दोन्ही घरच्या बायकांचं पुढचं आयुष्य दोन पुरुषांच्या तोंडी शब्दावर टांगलेलं. कागद नाही, साक्षीदार नाही. "असा शब्द आमच्या सासऱ्यानंही दिला होता," असं एक मावशी पुटपुटल्या. त्यांच्या वाटणीचं काय झालं ते आमच्या गटात सगळ्यांना माहीत आहे, ते इथं नको.

पेशवाई गेली. १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम यानं दापोडीचा बंगला सरकारसाठी विकत घेतला. या गव्हर्नर लोकांचं वर्ष कसं असे, तर हिवाळ्यात मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसाळ्यात पुण्याकडे दापोडी. मुंबईच्या धो धो पावसापेक्षा पुण्याचा पाऊस बरा, म्हणून. महाबळेश्वरची वस्ती वाढवली तीही याच माल्कमनं. तिथल्या एका पेठेला माल्कम पेठ हे नाव त्याच्यावरूनच पडलं.

त्याच वर्षी दापोडीच्या बंगल्याभोवती सरकारी वनस्पती बाग सुरू झाली. ही नुसती शोभेची बाग नव्हती. कुठल्या देशाचं झाड आपल्या मातीत येतं, कुठलं औषध इथं पिकवता येईल, याचे प्रयोग तिथं चालत. १८३८ पासून ती बाग अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटलंडच्या डॉक्टरकडे आली. हा माणूस आधी देवीच्या लशी टोचत दख्खन-खानदेशात गावोगाव फिरलेला, मराठी बोलणारा. त्यानं बागेत सोनामुखी लावली, खुरासानी ओवा लावला, त्यांची औषधं तयार करून सरकारी दवाखान्यांकडे पाठवली. विलायतेहून बोटीनं औषध मागवण्यापेक्षा ते स्वस्त पडे. पोट साफ व्हायला आपण घरी सोनामुखीचा काढा देतो. गोऱ्या शिपायांच्या पोटालाही हीच सोनामुखी कामाची होती.

गिब्सनची आणखी एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. कोकणात जंगल तुटत होतं, ते पाहून त्यानं १८४६ च्या सुमारास सरकारला कळवलं, की झाडं गेली तिथं झरे आटू लागले आहेत. पावणेदोनशे वर्षांपूर्वी. पाणी दूर गेलं की ते डोक्यावरून कोण आणतं, हे आपल्याला सांगायला नको. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला जंगल अधिकारी झाला. पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. सरकारला सागवान हवं होतं मुंबईच्या गोदीत जहाजं बांधायला. जंगल राखायचं म्हणून डोंगरातल्या माणसांच्या फिरत्या शेतीवर बंधनं आली. पुढे जंगल खातं वाढलं आणि सरपणाची मोळी आणणारी बाई चोर ठरू लागली. मेळघाटच्या आपल्या मैत्रिणी हे आमच्यापेक्षा चांगलं सांगतील. गिब्सन चांगला की वाईट, असं आम्हाला कुणी विचारलं तर एका शब्दात उत्तर देता येणार नाही. झऱ्याचं त्याला कळलं, मोळीचं कळलं नाही.

आता त्या चित्रकाराकडे येऊ. भाषणाला नाव त्याचंच दिलं आहे.

१८४७ ते १८५० या काळात गिब्सननं बागेतल्या झाडांची चित्रं काढायला एक चित्रकार ठेवला. फोटोचा जमाना अजून यायचा होता. झाड ओळखायचं तर चित्र अचूक पाहिजे. पानाच्या शिरा, कळी, उमललेलं फूल, फळ, आतलं बी, सगळं जसंच्या तसं. दीडशेहून जास्त चित्रं त्यानं रंगवली. इथली झाडं होती, परदेशातून आणून लावलेली फुलझाडंही होती. ती चित्रं पुढे स्कॉटलंडला एडिंबरा शहरातल्या वनस्पती उद्यानात गेली आणि आजही तिथं जपून ठेवलेली आहेत. तिथल्याच हेन्री नोल्टी या अभ्यासकानं त्यांच्यावर २००२ मध्ये सबंध पुस्तक लिहिलं. दापोडीचं नाव आज जगात थोडंफार कुणाला माहीत असेल तर ते त्या चित्रांमुळे.

आणि चित्रकाराचं नाव? ते कुठंच नाही. कागदपत्रांत एवढंच आहे, की तो 'पोर्तुगीज' होता. त्या काळी इंग्रज लोक गोव्याकडच्या ख्रिस्ती माणसालाही पोर्तुगीजच म्हणत, म्हणून तो गोव्याकडचा असावा असं अभ्यासक मानतात. तीन वर्षं रोज बसून त्यानं हे काम केलं. झाडांची लॅटिन नावं लिहून राहिली, साहेबाचं नाव राहिलं, गव्हर्नरांची नावं तर आहेतच. ज्याच्या बोटातून ते फूल कागदावर उतरलं त्याच्या नावाला कुणी अर्धी ओळ दिली नाही.

हे आम्ही बैठकीत सांगितलं तेव्हा आजी एवढंच म्हणाल्या, "त्याची हजेरीबी दुसऱ्याच्याच नावानं लागत असन."

१८४८ या वर्षावर जरा थांबू. त्या वर्षी दापोडीच्या बागेत हा माणूस फुलं रंगवत बसला होता. त्याच वर्षी लॉर्ड फॉकलंड नावाचा नवा गव्हर्नर आला. त्याची बायको इंग्लंडच्या राजाची, चौथ्या विल्यमची मुलगी. या बाईला लिहायची आवड होती. हिंदुस्थानातल्या दिवसांवर तिनं लिहिलेलं पुस्तक १८५७ मध्ये छापून आलं आणि दापोडीचा मुक्कामही त्यात आला आहे. पुस्तकाचं नाव तिनं 'चाऊ-चाऊ' ठेवलं. सतरा प्रकारचा किरकोळ माल टोपलीत घेऊन बंगल्यावर येणाऱ्या फेरीवाल्याच्या टोपलीवरून. राजाच्या मुलीनं आपल्या पुस्तकाला फेरीवाल्याच्या टोपलीचं नाव द्यावं, हे आम्हाला आवडलं. आमच्या प्रदर्शनातल्या टेबलालाही ते शोभलं असतं.

आणि त्याच १८४८ मध्ये, तिथून दहा-बारा किलोमीटरवर, पुण्याच्या बुधवार पेठेत भिडे वाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. एकीकडे नदीकाठचा बंगला, चाकरमाणसं, बाग. दुसरीकडे पेठेतल्या वाड्यातल्या खोल्या, थोड्याशा पोरी आणि जाता-येता अंगावर पडणारं शेण. १६ नोव्हेंबर १८५२ ला विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते फुल्यांचा सत्कार झाला, तेव्हा गव्हर्नर हाच फॉकलंड होता.

दापोडीचं घर गेलं कसं? ते गेलं कापसाच्या दिवसांत, म्हणून ही गोष्ट आपल्या वऱ्हाडाच्या अगदी जवळ येते.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत आपसातलं युद्ध चाललं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग हिंदुस्थानच्या कापसाला असा भाव आला की तसा कधी कुणी पाहिला नव्हता. आपलं वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात आलेलं, काळी माती, घरोघरी कापूस. मुंबईचे व्यापारी एका रात्रीत लखपती झाले. त्यांच्यातल्याच प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला घड्याळाच्या मनोऱ्यासाठी पैसा दिला आणि मनोऱ्याला आपल्या आईचं नाव लागलं, राजाबाई. कापसाच्या पैशानं एका बाईचं नाव इतक्या उंचावर गेलं, हे त्या तेजीतलं आम्हाला आवडणारं एकच काम. कापूस वेचणाऱ्या बाईच्या ओट्यात त्यातलं किती पडलं असेल ते तुम्हीच जाणा.

या तेजीच्या दिवसांत मुंबईचा गव्हर्नर होता बार्टल फ्रिअर. त्याला दापोडीचं जुनं घर नको होतं, पुण्याजवळ गणेशखिंडीत नवं आणि भव्य पाहिजे होतं. काम १८६४ च्या सुमारास सुरू झालं. त्यासाठी पैसा उभा करायचा म्हणून १८६५ मध्ये दापोडी विकायला काढली. बंगला गेला, बागही गेली. सदतीस वर्षं ज्या झाडांना पाणी घातलं, औषधं काढली, चित्रं रंगवली, ती बाग एका व्यवहारात मोडली. त्याच वर्षी अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, मुंबईच्या पेढ्या बुडाल्या. आपल्या बडनेऱ्यावरून नागपूरला रेल्वे पोचली १८६७ मध्ये. कापसासाठी म्हणून रूळ टाकले आणि गाडी आली तोवर तेजी उतरून गेलेली. कापूस घरात आला की भाव पडतो, हा आपल्याकडचा जुनाच अनुभव म्हणायचा.

गणेशखिंडीचं काम मात्र थांबलं नाही. १८७१ पर्यंत चाललं, पंधरा लाखांच्या वर गेलं. तेव्हाचे पंधरा लाख! ८० फुटी मनोरा, मोठमोठी दालनं. इतकी उधळपट्टी झाली की विलायतेत पार्लमेंटपर्यंत बोभाटा झाला. गव्हर्नरानं न विचारता खर्च केला, असा ठपका आला. आमच्या गटात कुणी ठरावाशिवाय पाचशे रुपये उचलले तर केवढा गहजब होतो! इथं नुसता ठपका आला आणि घर उभं राहिलं.

गणेशखिंडीच्या त्या घराचं नाव तुम्ही दुसऱ्या एका प्रसंगात ऐकलं असेल. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ होती. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई त्याच साथीत १० मार्चला गेल्या. २२ जूनला गणेशखिंडीच्या बंगल्यावर राणीच्या राज्याच्या साठ वर्षांचा समारंभ झाला. तिथून परतणाऱ्या रँड साहेबावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. गाव मरत होतं आणि बंगल्यावर रोषणाई होती, हे लोकांच्या डोळ्यांवर आलंच.

स्वातंत्र्य आलं. १९४९ मध्ये त्या गव्हर्नरच्या घरात पुणे विद्यापीठ सुरू झालं. २०१४ मध्ये विद्यापीठाला नाव दिलं सावित्रीबाई फुले यांचं. म्हणजे पाहा, दापोडीची बाग मोडून जे घर बांधलं, त्याच्या दारावर आज त्या बाईचं नाव आहे जिला १८४८ मध्ये पुण्याच्या रस्त्यावर धड चालू दिलं नव्हतं. आणि जिथं तिनं शिकवलं तो भिडे वाडा? तो पडायला आला होता. कोर्टात वर्षानुवर्षं वाद चालला. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये उरलासुरला वाडा पाडून जागा मोकळी केली, स्मारकासाठी. नाव राहिलं, भिंती गेल्या. दापोडीच्या चित्रांचं उलटं झालं. कागद राहिला, नाव गेलं.

इंग्लंडमध्येही ती गावाकडची मोठी घरं अशीच गेली. गेल्या शतकात हजाराहून जास्त पडली. मालक मेला की वारसांवर जबर कर, दोन महायुद्धं, आणि कमी पगारात राबणारी गडीमाणसं मिळेनाशी झाली. घर मोठं, पण झाडायला हात नाहीत, म्हणून पडलं. १९७४ मध्ये लंडनच्या एका मोठ्या संग्रहालयात या पडलेल्या घरांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथं फोटो होते आणि एका माणसाचा आवाज लावून ठेवला होता. तो आवाज पडलेल्या घरांची नावं एकामागून एक वाचत राहायचा. ऐकता ऐकता लोक रडायचे म्हणे.

रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला ही गोष्ट ऐकून थोडा हेवा वाटतोच. पण आमच्या मनात आलं, की तो आवाज घरांची नावं वाचत होता. त्या घरांतली भांडी घासणाऱ्या, चुली पेटवणाऱ्या बायांची नावं वाचायची म्हटली असती तर प्रदर्शन किती दिवस चाललं असतं? आपल्या विजय मिलचंच घ्या. ती बंद पडली तेव्हा मिलचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. डबे पोचवणाऱ्या आणि पगार थकला तेव्हा घर ओढणाऱ्या बायांची यादी कुणाकडे आहे?

म्हणून आम्ही एक काम हाती घेतलं आहे. त्याची सुरुवात आजींपासूनच झाली.

आजींचं दोन खोल्यांचं घर आहे. कर्जानं बांधलेलं. त्यातलं निम्मं कर्ज गटातून घेतलेलं आणि आजींनीच फेडलेलं. घरटॅक्सच्या पावतीवर अजून त्यांच्या माणसाचं नाव आहे. तो जाऊन नऊ वर्षं झाली. पुण्याहून परतलो त्याच आठवड्यात पुतण्या एक कागद घेऊन आला. "काकू, इथं अंगठा लाव, टॅक्सचं काम आहे." आजींनी अंगठा लावला नाही. म्हणाल्या, "गटात वाचून घेतो, मंग." कागद वाचला तर तो टॅक्सचा नव्हता, हक्क सोडून दिल्याचा होता.

आजींना कायदा माहीत नव्हता. नवरा मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या मालमत्तेत हिंदू वारसा कायद्यानं बायकोचा मुलामुलींच्या बरोबरीचा वाटा असतो. नाव लागलेलं नसलं तरी हक्क असतो. पण नाव नसलं की कुणीही कागद घेऊन दारात येतो. खेड्यांतल्या बायांसाठी सांगतो, ग्रामपंचायतीत घराचा नमुना आठचा उतारा मिळतो. त्यावर नवरा-बायको दोघांची नावं लावता येतात, नवरा जिवंत असतानाच लावलेली बरी. नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला जोडून वारस म्हणून नोंदीचा अर्ज द्यायचा, अर्जाची पोच घ्यायची आणि ती पोच गटाच्या फायलीत ठेवायची. लेकरांच्या कागदांवर तर आता सरकारनंच आईचं नाव आणलं आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव येतं, मग बापाचं. घराच्या कागदाला मात्र आपल्यालाच जावं लागतं.

आमच्या गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत आतापर्यंत 'सर्व सदस्य हजर होत्या' एवढंच लिहायची सवय होती. बँकेला ते चालतं. आता आम्ही प्रत्येकीचं नाव लिहितो. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव आणि काय काम करते ते. आजींच्या नावापुढे काय लिहायचं यावर बराच वाद झाला. 'घरकाम' लिहा म्हणे एक जण. आजी म्हणाल्या, "माळीन लिवा." तसं लिहिलं.

येत्या बुधवारी दुपारी २ वाजता बैठक आहे, नेहमीच्या जागी. बडनेऱ्याच्या बायांनी घरटॅक्सची पावती आणावी, अंजनगाव बारीच्या रस्त्यानं येणाऱ्या गावांतल्या बायांनी नमुना आठचा उतारा. मिळाला नसेल तर तसंच या, अर्ज इथं बसून लिहू. आजींचाही अर्ज त्या दिवशी जायचा आहे. अंगठा नको, सहीच करणार म्हणून बसल्या आहेत, आणि नातीच्या पाटीवर गिरवता गिरवता त्यांची सही आता तिसऱ्या अक्षरापर्यंत आली आहे.